दुपट्ट्याआडचा ‘ले’

नागपूरच्या उन्हाळ्यात सारेच मुखवटेधारी असतात. एप्रिल लागला की रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे दुपट्ट्यांत गुंडाळले जातात आणि केवळ डोळे उरतात. सख्खा शेजारी सिग्नलला बाजूला येऊन थांबला तरी ओळखू येत नाही. हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो. त्यात एका महानायकाची वेशभूषा आयती तयार आहे, हे मात्र माझ्या मुलीच्या लक्षात आले.

मुलगी चित्रकार आहे. गेल्या वर्षी तिने तिचे पहिले कॉमिक्स पूर्ण केले. त्याचा नायक इथलाच, साधा माणूस. तोंडाला दुपट्टा बांधला की त्याला ऊन पिण्याची शक्ती येते. जिथे कोणी उन्हाने कासावीस होते तिथे तो पोहोचतो, तिथले ऊन ओंजळीने पिऊन टाकतो आणि सावली मागे ठेवून निघून जातो. फुग्यांतले संवाद तिने अजून पेन्सिलीनेच लिहिले होते. त्यांवर शाई फिरवण्यापूर्वी तिने पानांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मी शाळेत मराठी शिकवतो.

“बाबा, फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहा,” ती म्हणाली. “बाकी कशाला हात लावू नका.”

पहिल्याच पानावर नायक स्कूटरवरून येत होता. स्कूटर राखाडी, जुनी, डाव्या अंगाला पोचा आलेली. ती माझी स्कूटर होती. सक्करदऱ्याच्या तळ्यावरून मी मुलीला शाळेत सोडायला जात असे तेव्हा ती पुढे उभी राहायची, आणि तो पोचा तिच्यादेखतच पडला होता. नायकाच्या दुपट्ट्याची गाठही मी बांधतो तशीच, मानेच्या मागे जरा उजवीकडे. मी चष्मा काढून पुसला. या वयात माणसाने इतके सुखावून जाऊ नये, पण मी सुखावलो. पत्नीला हाक मारून पान दाखवावे असे मनात आले. आधी पुढचे पाहून घेऊ, म्हणून थांबलो.

दुसऱ्या पानावर नायक बोलला. बसथांब्यावर भोवळ येऊन बसलेल्या एका म्हातारीपुढे वाकून तो म्हणत होता, “काहून भेतं वं माय? ऊन मले, सावली तुले.”

स्कूटर माझी होती. आवाज माझ्या मेहुण्याचा होता.

पत्नीचा हा धाकटा भाऊ. कुहीजवळच्या गावात त्याची धानाची शेती आहे. तरुणपणी नोकरी शोधायला तो काही काळ आमच्याकडे राहिला होता. नोकरी त्याला मिळाली नाही, माझी मुलगी मात्र मिळाली. ती तेव्हा नुकती अक्षरे लावू लागली होती. कॉमिक्सने भाषा बिघडते या समजुतीने मी तिच्यासाठी बोधकथांची सचित्र पुस्तके आणत असे, आणि ती पुस्तके शेवटपर्यंत नवीच राहिली. मेहुणा सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी हिंदी कॉमिक्स आणायचा. दुपारी मामा-भाची पलंगावर पालथे पडून वाचत. हिंदी तिला कळत नसे, म्हणून तो वाचता वाचताच तिला आपल्या बोलीत सांगत जाई. आभाळातून झेपावणारा महाबली त्याच्या तोंडून गरजे, “थांब बे, आलोच मी! कोनाले हात लावून राहिला?” आणि मुलगी खिदळत सुटे.

मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असे. एकदा न राहवून दारात गेलो आणि म्हणालो, “‘कोणाला’ म्हणावे.” दोघांनी पुस्तकात डोके घातले. मी खुर्चीवर परतलो तेव्हा पुन्हा हसू ऐकू आले, पण आता तोंड दाबून हसलेले. उघड्या हसण्यापेक्षा ते मला अधिक लागले.

इतक्या वर्षांनी तेच हसू त्या फुग्यातून आले, आणि मी खोडरबर उचलला.

‘मले’चे मी ‘मला’ केले, ‘तुले’चे ‘तुला’. ‘काहून भेतं वं माय’ या जागी ‘का घाबरतेस, आई’ असे लिहिले. मुलीच्या वळणाशी मिळतील अशी अक्षरे काढली. मनाशी म्हणत होतो की पुस्तक दूरवर जाईल, पुण्या-कोल्हापूरच्या मुलांनाही ते कळले पाहिजे. हे कारण खोटे नव्हते. परंतु पहिल्या पानावर स्वतःची स्कूटर पाहताना ते मला सुचले नव्हते. बोलणारा कोण हे कळल्यावर सुचले. मी भाषा सुधारत नव्हतो. एकेका फुग्यात शिरून मेहुण्याला बाहेर काढत होतो.

मुलीला हे सांगण्यापूर्वीच रविवार उजाडला आणि तांदळाची थैली खांद्यावर घेऊन मेहुणा दारात उभा राहिला. मुलीने पाणीसुद्धा देण्याआधी पाने त्याच्या हातात दिली. तो ओळींखाली बोट धरून मोठ्याने वाचू लागला.

“‘का घाबरतेस, आई? ऊन मला, सावली तुला.’” तो थांबला. त्याने स्कूटरच्या चित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि एकदम हसत सुटला. “वं ताई, इकडं ये! हे तं भाऊजी हायेत!”

“काय झालं गा?” पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

“पाय ना! गाडी त्याइची, दुपट्टा त्याइचा, अन् बोलनं बी त्याइचंच. तोंड बांधलं तरी लपले नाही. चोर पयून राहिला अन् हे म्हनते, ‘कृपया थांबा’! तो चोर पयले शुद्धलेखन लिहीन, मंग जेलात जाईन.”

पत्नी हसली. मीही हसल्यासारखे केले. मुलगी हसली नाही. तिने पान घेतले, खिडकीच्या उजेडात तिरपे धरले आणि खोडलेल्या अक्षरांचे वण पाहिले.

“बाबा, मी तुम्हाला फक्त ऱ्हस्व-दीर्घ म्हटलं होतं.”

आणि लगेच वळून, “मामा, तुले चहा देऊ का?”

रागावली असतानाही तिने मला ‘तुम्हाला’ म्हटले. माझ्याशी बोलताना तिचे मराठी कधी चुकत नाही. ते मीच शिकवले, आणि त्या शिकवणुकीने तिला माझ्यापासून बरोबर तेवढ्या अंतरावर उभे केले जेवढ्या अंतरावर वर्गातली मुले उभी असतात. मामाला ‘तुले’. त्या एका अक्षराचा मी हेवा करत आलो आहे. खरे तर ते अक्षर माझ्याही घरातले. मी मौद्याकडच्या खेड्यातला, माझी आई ‘मले’च म्हणायची. कॉलेजच्या वसतिगृहात त्यावरून हसे होऊ लागले तेव्हा मी ते सोडून दिले. मेहुण्याने सोडले नाही. एवढीच त्याची थोरवी, आणि एवढीच मला सोसत नाही.

तो दुपारच्या बसने परत गेल्यावर मी मुलीच्या टेबलाशी गेलो.

“होते तसे मी परत लिहून देतो.”

“तुम्हाला जमेल?” तिने सहजच विचारले, तरी टोचले.

जमते हे दाखवावे म्हणून मी म्हणून दाखवले, “ऊन मले, सावली तुले.”

तेव्हा ती हसली. “बाबा, तुमच्या ‘ले’ला इस्त्री केलेली आहे.”

मग ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. दोनदा खोडल्यामुळे कागद खरबरीत झाला होता. मध्येच ती वाकून म्हणाली, “‘भेतेस’ नाही बाबा, ‘भेतं’.” मी निमूटपणे सुधारले. ‘भेतं’ तिने अगदी मामासारखे म्हटले होते. लिहिता लिहिताही माझे लक्ष तेवढ्यावरच होते.

पुस्तक छापून आले तेव्हा पहिली प्रत कुहीला गेली. काही दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. मुलगी समोरच बसली होती.

“भाऊजी, गावातल्या शाळंत नेलं होतं पुस्तक. पोराइले सांगतलं, हे आमचे भाऊजी हायेत म्हनून. तुमची गाडी पाहून पोट्टे पागल झाले ना!”

मी म्हणालो, “अरे, तो मी नव्हे. तो तू आहेस.”

“मी?” तो खो-खो हसला. “माह्याजवळ कुठं हाये स्कूटर? मी तं सायकलवाला मानूस. तुमचं बी काहीतरीच, भाऊजी!”

त्याच्या मागे मुलांचा गलका चालला होता. एक ओरडे, “ऊन मले!” आणि बाकीची, “सावली तुले!” मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी त्याला पुन्हा, नीट समजावून सांगायला हवे होते. हा आवाज तुझा आहे, एवढेच सांगायचे होते, आणि फोनवर सारे स्वच्छ ऐकू येत होते.

“मुलांना स्कूटर खरंच आवडली का?” मी विचारले.