आधी सोडवलेला प्रश्न

धाकट्याच्या जन्माच्या वेळी सुनेने नोकरी सोडली, त्याला नऊ वर्षं झाली. मधल्या काळात सॉफ्टवेअरचं जग कुठच्या कुठे गेलं आणि ती मुलांचे डबे भरत राहिली. त्यामुळे त्या बड्या कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा घरात कुणालाच खरं वाटेना, तिलाही नाही. ही संधी हुकली तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

तयारी सासऱ्यांनी करून घेतली. ते निवृत्त शिक्षक. तीस वर्षं परीक्षांना पर्यवेक्षक होते आणि कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण घड्याळ लावून ते तिच्या पाठीमागे येरझारा घालत. दोन महिन्यांत तिने प्रोग्रॅमिंगचे तीनशे प्रश्न सोडवले. त्यापायी भाजी करपली तर सासरे निमूट खायचे.

ऑनलाइन चार फेऱ्या होत्या. तीन धड पार पडल्या. चौथीत पडद्यावर एक पोरगेलासा इंजिनिअर आला आणि त्याने प्रश्न दिला. हाच प्रश्न तिने मंगळवारी सोडवला होता, अगदी आकड्यांसकट. दाराबाहेर सासरे खुर्ची टाकून बसले होते. तिने सांगून टाकलं, "हा माझा आधीच सोडवून झालाय. दुसरा द्या."

इंजिनिअर गोंधळला. असं कुणी म्हणत नसावं. बरीच शोधाशोध करून त्याने दुसरा काढला, तो तिला निम्माही सुटला नाही. शेवटी त्याने तिच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं. आठवड्याने नकाराचं पत्र आलं, त्यात तेवढंही नव्हतं.

सासऱ्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगायची काय गरज होती, असं विचारलं.

"तुम्ही बाहेर बसला होतात ना," ती म्हणाली. "कॉपी केल्यासारखं वाटलं."

"अगं, कॉपी करणाऱ्याला मी उठवायचो. अभ्यास करून आलेल्याला कधी उठवलं नाही."

पत्र वाचताना वाटलं नव्हतं इतकं वाईट तिला आता वाटलं. ते खोलीत निघून गेले. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, नेमकं चुकलं कुठे. ती तोंड उघडणार तोच सासरे म्हणाले की उमेदवाराचं काही चुकलं नाही, पर्यवेक्षक दारात बसायला नको होता.