प्रश्नाच्या मध्येच राष्ट्रगीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून चहात घातलेली साखरसुद्धा कळते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात मराठी शिकवतो. वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो, आणि आमच्या आमदारसाहेबांच्या सभांचं सूत्रसंचालन करतो. साहेब चार वेळा निवडून आलेत. बोलायला लागले की हिंदीतून मराठीत, मराठीतून खानदेशीत असे उतरतात की म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात. मीही रडलोय. बायको म्हणायची, बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी चिडायचो. स्पर्धेतल्या मुलासारखे गुण देत होतो ना मी त्यांना — आवाज, उच्चार, हातवारे. कामालाही गुण द्यायचे असतात, हे मला सुचलंच नाही. की सुचलं होतं?

सुचलं होतं. म्हणून तर हे सांगणं जड जातंय.

देडतलाई या गावी झालेल्या सभेत साहेबांनी पुन्हा सांगितलं, की इथल्या दवाखान्यात बाळंतपणासाठी डॉक्टरीणबाई येणार. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई उठल्या. सुगंधाबाई — नाव मला मागाहून कळलं.

"साहेब, मागच्या बारीले बी तुम्ही हेच बोलले होते. माझ्या सुनेले आठवा महिना लागला. डॉक्टरीन कधी येईल, तेवढं पक्कं सांगा."

साहेबांनी त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला स्वच्छ कळला. आणि मी काय केलं? माइक ओढला आणि म्हणालो, आता राष्ट्रगीत होईल, सर्वांनी सावधान उभं राहावं. आभारप्रदर्शनही राहून गेलं.

सगळे उठले. सुगंधाबाई तर उभ्याच होत्या. त्यांनी हात सरळ खाली सोडले आणि त्याही गायल्या. राष्ट्रगीतात कोण प्रश्न विचारतं? संपताच साहेब गाडीकडे निघाले. जाताना त्यांनी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं — हेही सांगून टाकतो.

पुढे सून अडली. जीपमधून बुऱ्हाणपूरला आणताना वाटेतच मूल गेलं. देडतलाईच्या एका शिक्षकानं बोलता बोलता सांगितलं, आणि मी नुसतं अरेरे म्हणालो. विचारू दिलं असतं तर डॉक्टरीण आली असती? कुणास ठाऊक. पण विचारू दिलं नाही, ते मी.

यंदा देडतलाईला पुन्हा सभा झाली. मला नाही म्हणता आलं नाही. भाषण सुरेख झालं, डॉक्टरीण पुन्हा येणार झाली. सुगंधाबाई पुढच्याच रांगेत होत्या. भाषण संपलं आणि त्या उठल्या. माझा हात माइकवर होता. विचारा, मी मनात म्हणत होतो — आज नाही थांबवणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात सरळ खाली सोडले आणि राष्ट्रगीताची वाट पाहत उभ्या राहिल्या.

मी सुरू केलं.