औषध थांबवल्यानंतरचे दिवस

मालतीताईंच्या मुलीचा, ऋचाचा, फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या कोठी भागात चष्म्याच्या दुकानात होते. "मावशी, आई गेली... झोपेतच. सकाळी चहा घेऊन गेले तर..." रडू येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. वर्षभर मालतीताईंना चार पावलं चालल्या तरी धाप लागायची, आणि नाकातोंडात नळ्या घालून पडून राहण्याची त्यांना फार धास्ती होती. त्यातलं काही झालं नाही.

सिकंदराबादच्या एका प्रयोगशाळेत त्या माझ्या वरिष्ठ होत्या. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झालेल्या सशांवर आम्ही दोन अँटिबायोटिक्सची तुलना करत होतो. एक जुनं, एक आमचं नवं. नव्या औषधावरच्या सशांचा ताप भराभर उतरला, रक्तात जंतू सापडेनात. संचालक खूश झाले. "मालतीजी, अब और क्या होना आपको?" ताई म्हणाल्या, "सर, खून साफ हुआ. वाल्व का क्या मालूम? दवा बंद करके थोडे दिन देखेंगे." संचालकांनी परवानगी दिली, पण नंतर ताईंशी धड बोलले नाहीत. परतताना बसमध्ये ताई मला म्हणाल्या, "औषध चांगलं निघावं असं मलाही वाटतं गं... पण उद्या हे माणसांना देणार आहेत."

आणि औषध बंद केल्यावर नव्या औषधावरचे ससे पुन्हा मलूल झाले. ताप उलटला. शवविच्छेदनात त्यांच्या झडपांवर जंतू तसेच दडून बसलेले दिसले. जुन्या औषधावरच्यांच्या झडपा मात्र साफ होत्या. संचालक म्हणाले, "अच्छा हुआ, मालतीजी. इन्सानों तक नहीं गया." बाहेर आल्यावर ताईंनी माझा हात घट्ट धरला. "सुटलो गं," म्हणाल्या, आणि मग त्या सशांसाठी रडल्या.

प्रयोगात न वापरलेला एक धडधाकट ससा त्यांनी रीतसर परवानगी काढून बरकतपुऱ्यातल्या घरी आणला. तो घरभर हिंडायचा, म्हातारा होऊन गेला. परवा मी गेले तर ऋचाकडे रंगकाम चाललं होतं. ताईंच्या खोलीच्या दाराचा खालचा कोपरा त्या सशाने कुरतडलेला आहे. रंगारी खाचा बुजवायची लांबी घेऊन तिथे वाकला, तशी ऋचा स्वयंपाकघरातून ओरडली, "भय्या, उसकू वैसाच रहने दो!"

दार आता पांढरंशुभ्र झालंय. कोपरा तसाच आहे.