पोथ्यांच्या बासनातल्या पऱ्या

आमच्या घरात सहा पोथ्या होत्या, आणि त्यातली एकही कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. तरी गावात आमचं घर विद्वानांचं. देव्हाऱ्यावरच्या फळीवर लाल बासनात त्या बांधून ठेवलेल्या असत. सकाळी आंघोळ झाली की आबा, म्हणजे माझे वडील, बासनाला हात लावायचे आणि तोच हात कपाळाला लावायचे. ज्ञान तेवढ्या वाटेनं आत जात असावं. दसऱ्याला बासन खाली उतरायचं, पाटावर बसायचं, हळदीकुंकू घेऊन गाठीसकट परत वर जायचं. ती गाठ सोडायची आमच्याकडे वहिवाट नव्हती.

या घरात मी नऊ वर्षांची असताना सातवं पुस्तक आणलं. शहाद्याच्या अलीकडचं आमचं गाव, एका गुरुजींची मराठी शाळा. त्या शाळेत मी मुलींमध्ये पहिली आले होते. शाळेत मुलगी मी एकटीच होते, ही गोष्ट आबा पाहुण्यांना सांगताना विसरायचे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक ठेवलं. परीकथांचं. पानोपानी चित्रं, त्यांतली काही रंगीत, आणि प्रत्येक रंगीत चित्रावर झिरझिरीत कागद. तो उचलला की आत पंख असलेल्या गोऱ्या बाया, मुकुट घातलेले राजे, डोंगराएवढे राक्षस.

आबांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि यात शिकण्यासारखं काही नाही असा निकाल दिला. मग आल्यागेल्याला दाखवायला ते ओटीवर मांडून ठेवलं. साहेबांनी दिलेलं होतं ना. पाहुणे चित्रं बघायचे आणि आबांना शाबासकी द्यायचे. मी तेव्हा दाराआड उभी असायचे.

ते पुस्तक माझ्याकडून खरं ऐकलं ते एकाच माणसानं, आमच्या सालदारानं. आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत, अशा वर्षाच्या बोलीवर ठेवलेला हा शेतगडी, तिशीचा, तोरणमाळच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी. घरी त्याची बोली वेगळी, आमच्याशी अहिराणी बोलायचा. दिवसभर तो विहिरीवर मोट हाकायचा. शाळा सुटली की मी पुस्तक घेऊन थेट विहिरीवर.

मोटेवर गोष्ट सांगायची म्हणजे तिचे तुकडे करावे लागतात. बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊ लागले की चाकाची करकर आणि त्याचं मोटेचं गाणं, त्यात माझं कोण ऐकणार? मोट रिकामी झाली, बैल मागे मागे सरत वर येऊ लागले, की तेवढ्यात मी दोन वाक्यं सांगून घ्यायची. मग पुन्हा थांबायचं. ‘मंग पुढे काय व्हयनं?’ असं तो वर येता येता विचारायचा. पुस्तकी मराठीचं अहिराणी करताकरता माझी दमछाक व्हायची. गुरुजींनी त्या शाळेत मला चार वर्षांत जेवढं मराठी शिकवलं नसेल तेवढं त्या धावेच्या काठावर आलं.

एका चित्रात बर्फ पडत होता. पंख मोडलेली एक परी पायी घरी निघालेली, आणि तिच्या चहूकडे पांढरंच पांढरं. बर्फ काय ते मलाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं की आकाशातून असं पडतं. त्यानं बैल थांबवले, खाली वाकून चित्र निरखलं आणि विचारलं, “इतला कापूस येचाले माणसं कथाईन उनात?”

आमच्या भागात कापूस वेचायला माणसं डोंगरातून उतरतात. एवढ्या कापसाला ती कुठून आली, याशिवाय त्याला दुसरं काय सुचणार? चित्रात वेचणारं तर कोणीच दिसत नव्हतं. त्या पुस्तकाबद्दल आमच्या घरात कोणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न, आणि तो अशा माणसानं विचारला ज्याला आबा ‘जंगली’ म्हणायचे. ती गोष्ट तिथेच अर्धी राहिली, कारण दसरा आला.

दसऱ्याला मी पाटावर पाटी ठेवली, पाटीवर ते पुस्तकही ठेवलं. झेंडूची फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी मला मामाकडे पाठवलं. पंधरा दिवसांनी परतले तेव्हा पाटी खुंटीला होती, पुस्तक नव्हतं.

मग सुरू झाला शोध, आणि तो आबांनी त्यांच्या नेहमीच्या हुशारीनं चालवला. ओटी पाहिली, माळा पाहिला, कणगीत हात घातला. दिवाळीनंतर साहेब पुन्हा येणार होते आणि त्यांनी पुस्तक विचारलं तर काय दाखवायचं, या धसक्यानं त्यांना झोप येईना. पुस्तक वाचायला हवं होतं असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. शेवटी त्यांनी मला समोर उभं करून विचारलं, की मी ते आणखी कोणाला दाखवलं होतं. मी सांगितलं. शेवटचं कुठे होतं, असंही विचारलं. मी म्हणाले, विहिरीवर.

मला खरंच तेच आठवत होतं. पाटावरच्या पूजेचं डोक्यातून पार गेलं होतं. मोटेवरचे ते दिवस मात्र सगळे जागच्या जागी होते. नऊ वर्षांच्या पोरीची आठवण ती, पण पुरावा म्हणून आबांना भरपूर झाली.

सालदाराला अंगणात बोलावलं. तो एकदाच म्हणाला, “मी नही लिन्हं.” ते त्यानं पुन्हा म्हटलं नाही. आबांनी गावाला सांगितलं की निर्दोष माणूस असा गप्प बसत नाही. तो चार वेळा बोलला असता तर निर्दोष माणूस एवढं बोलत नाही असं सांगायला ते तयारच होते. अक्षरओळख नसलेला माणूस परीकथांचं पुस्तक नेऊन काय करील, हा प्रश्न विद्वानांच्या घरात कुणालाही पडला नाही. मलाही नाही. मी दाराआड उभी होते, ती जागा माझ्या सवयीची होती.

त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. साल आखाजीला सुटायचं, त्याला अजून सहा महिने होते. अर्ध्या सालात काढलेल्या गड्याला आमच्याकडे कोणी काही विचारत नाही, कारण न विचारताच सगळ्यांना कळतं. पुढच्या आखाजीला सालदार ठरवायचे दिवस आले तेव्हा तो गावात येऊन गेला असं मी ऐकलं. सकाळपासून पारावर बसला, दुपारी उठून गेला. साहेब काही त्या वर्षी आलेच नाहीत. नंतर आले ते दुसरेच, आणि त्यांनी शाळेच्या छपराची चौकशी केली.

मधली वीस वर्षं मी सांगत बसत नाही. लग्न झालं, नंदुरबारला संसार झाला. मी आखाजीला माहेरी जात राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली एक आखाजी. मी माहेरी आलेली, गल्लीत झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गाणी चाललेली. देव्हाऱ्याच्या फळीला वाळवी लागलेली मला दिसली. फळी काढायची तर बासन उतरवणं आलं. आबा आता थकले होते. बासनाला हात लावण्याआधी आंघोळ कर, एवढं त्यांनी खाटेवरून बजावलं. मी आंघोळ करून अंगणात उन्हात बसले आणि गाठ सोडली.

वरची पोथी उलटी बांधलेली होती. कित्येक वर्षं आमचं घर तिच्या पाठीला नमस्कार करत होतं. तिच्याखाली आणखी दोन, आणि त्या दोघींच्या मधे जाड पुठ्ठ्याचं माझं पुस्तक. पुठ्ठ्यावर कुंकवाचा वाळलेला टिळा, अक्षतांचे दोन दाणे, झेंडूच्या पाकळ्यांचा भुगा. वाळवीनं मागची पानं खाल्ली होती. परी तशीच होती, कापसातून चाललेली.

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग अंगणात उभा असलेला सालदार आठवला. आईला मी हाक मारली. तिला आम्ही माय म्हणायचो. ती पदराला हात पुसत आली आणि पुस्तक बघून जराही दचकली नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी पूजा उचलताना तिनंच ते बासनात ठेवलं होतं. आत पंख असलेल्या देव्या होत्या, मुकुट होते, वर हळदीकुंकू पडलेलं होतं. असं पुस्तक परत पोरीच्या हातात धुळीत द्यायचं? तिनं आयुष्यात एकदाच ती गाठ सोडली, ती परीसाठी.

एवढी शोधाशोध चालली होती तेव्हा का बोलली नाहीस, असं मी विचारलं. आवाज माझा चढला असणार.

“माले कोनी इचारंच नही,” ती म्हणाली. “आनि तुम्हनं गोष्टीसनं पुस्तक दवडाई गयथं. पोथी नही.”

हरवलं होतं ते गोष्टींचं पुस्तक, तिनं बांधून ठेवली होती ती पोथी. खरंच तिला कोणी विचारलं नव्हतं. अक्षर न ओळखणाऱ्या बाईला पुस्तकाबद्दल विचारायचं नाही, आणि अक्षर न ओळखणाऱ्या गड्यानं पुस्तक चोरलं असं मात्र धरायचं, ही आमच्या घरची विद्वत्ता. आणि रोज सकाळी आबा ज्या पुस्तकाला हात लावून नमस्कार करत होते, त्याच पुस्तकासाठी त्यांनी एका माणसाला चोर ठरवलं होतं.

आबांना मी पुस्तक नेऊन दाखवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, टिळा पाहिला. मग म्हणाले की सापडलं ना, झालं तर. जरा वेळानं म्हणाले की त्यानं तेव्हा नीट सांगायला हवं होतं. आणखी जरा वेळानं कुशीवर वळले. मला त्यांचा राग आला, पण ‘विहिरीवर’ हा शब्द माझा होता, त्यांचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी गाडी जुंपायला लावली. शहाद्याच्या बाजारात चारोळी आणि डिंक विकायला आलेल्या डोंगरातल्या बायांकडून पाडा कळला होता. बाजारात मी त्याला ‘आमच्याकडे मोट हाकायचा तो’ म्हटलं, तर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांच्याकडे त्याची ओळख वेगळी होती. खाली सालदारकी मिळाली नाही तो, असं त्या म्हणाल्या.

घाटाच्या पायथ्याशी उन्हं तापलेली. झोपडीपुढच्या मांडवात तो दोरी वळत बसला होता. केस पांढरे, पाय बारीक. मला त्यानं ओळखलं नाही. मी ओळख सांगितली तेव्हा दोरी खाली ठेवून तो उठून उभा राहिला, जसा अंगणात उभा राहिला होता तसा. मी त्याला दादा म्हणाले. लहानपणी आम्ही त्याला नावानं हाका मारायचो, तो आमच्या बापापेक्षा दहाच वर्षांनी लहान असून.

मी सगळं सांगितलं. बासन, कुंकू, माय, सगळं. विहिरीवर असं मीच सांगितलं होतं, तेही सांगितलं आणि माझी चूक झाली म्हणाले. त्याची म्हातारी बायको आतून पाणी घेऊन आली. मी पिशवीतून पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं.

त्यानं हात धोतराला पुसून ते घेतलं. पानं उलटत उलटत तो नेमका कापसाच्या चित्रापाशी आला. झिरझिरीत कागद दोन बोटांनी उचलला. बराच वेळ बघत होता. चेहरा उजळला, अगदी तसाच, बैल मागे येताना उजळायचा तसा.

“ती घर पोचनी का?” त्यानं विचारलं.

शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, पण गोष्ट मला पाठ होती. मी सांगितली. आता मोट नव्हती, मधे थांबावं लागलं नाही. पोचली ती, खूप दिवसांनी, पायीच. त्यानं मान डोलावली. म्हातारीला त्यांच्या बोलीत काही सांगितलं, तीही चित्र बघून हसली.

मी म्हणाले, दादा, हे पुस्तक तुमच्याकडेच राहू द्या. त्यासाठीच आणलंय. बोलताना मला केवढं बरं वाटत होतं ते आठवलं की आजही लाज वाटते. गाडीत बसून सारी वाट मी हेच घोकत आले होते, वीस वर्षांचं सगळं एका पुस्तकात फिटणार होतं.

त्यानं पुस्तक मिटलं. पुठ्ठ्यावरचा टिळा बोटानं चाचपला आणि ते माझ्या मांडीवर परत ठेवलं.

“लई जा, ताई,” तो म्हणाला. “हाई पुस्तक उद्या मन्हा घरमा सापडनं, ते?”

त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड आवळलं आणि गाडीकडे चालू लागले. तो मागे मागे गाडीपर्यंत आला. बैलांच्या मानेवर हात फिरवून जू नीट बसलंय का ते पाहिलं, आणि गाडी हलेपर्यंत तिथेच उभा राहिला.