खराब म्हणून बाजूला ठेवलेलं रेकॉर्डिंग

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी नाशिकला आम्हा दोघी मैत्रिणींचा प्रोजेक्ट होता. छातीला तीन चिकटपट्ट्या लावून हृदयाचे ठोके टिपायचे, आणि आमच्या प्रोग्रॅमने ते मोजायचे. बारा जणांचं रेकॉर्डिंग घेतलं. बारावं होतं लॅबमधल्या शिपाईमामांचं. ते वणीहून रोज एसटीने यायचे. त्यांच्या आलेखात रेघ मध्येच सपाट व्हायची. "पट्टी सुटली असेल," असं म्हणून मी फाइलवर 'खराब' लिहिलं आणि ती वगळली.

आठवड्याने तोंडी परीक्षा होती. परीक्षक यायला तास उरला होता. एक रेकॉर्डिंग का वगळलं, असं त्यांनी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून मी ती फाइल पुन्हा उघडली आणि रेघ नीट पाहिली. पट्टी सुटली की रेघ वेडीवाकडी उडते. ही शांत होती. श्वासाबरोबरची बारीक लाटसुद्धा नीट दिसत होती. नव्हते ते फक्त ठोके. जवळजवळ तीन सेकंद.

"आत्ता नको गं, परीक्षेनंतर सांगू," मैत्रीण म्हणाली. परीक्षेसाठी मांडलेलं यंत्र हलवायची तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

मामा खुर्च्या लावत होते.

"मामा, चक्कर येते का हो?"

"जिन्यात येते कधी कधी. उपाशीपोटी निघतो ना, दुसरं काय नाय."

त्यांना बसवून पट्ट्या लावल्या. ठोके पडत होते. मग रेघ सपाट झाली. मामांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"काय झालं?"

"काय नाय. जरा गरगरलं."

मैत्रीण आमच्या प्रोजेक्टच्या सरांना बोलवायला पळाली. मी आणि सर मामांना रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेलो. परीक्षेला ती एकटी उभी राहिली. डॉक्टरांनी मामांना घरी सोडलंच नाही. दोन दिवसांनी पेसमेकर बसवला.

भेटायला गेले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मामी मोसंबी सोलत होत्या.

"म्हणजे आठ दिवस आधीच कळलं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

मामा छताकडे बघत म्हणाले, "त्याच आठवड्यात मी देवीच्या गडावर जाऊन आलो. सगळ्या पायऱ्या चढून."

मामींनी मोसंबीच्या दोन फोडी माझ्या हातावर ठेवल्या. त्या तशाच माझ्या हातात राहिल्या.