गळक्या टाकीखालचा उजेड

मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेबारा. गच्चीवर हजर: सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी, प्लंबर शंकर, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नलूताई, कॅमेऱ्यासह.

टाकी गळायची आणि खाली पाणी साचायचं. त्यात थेंब पडला की जिन्याच्या भिंतीवर उजेडाची जाळी थरथरायची. नलूताई महिनाभर तिचेच फोटो काढत होत्या. त्यांचा एक डोळा गेलेला, दुसरा मंदावत चाललेला.

"चेहरे पुसट झालेत गं, पण हलणारा उजेड अजून दिसतो," त्या म्हणाल्या. "चार दिवस थांब ना."

"नलूताई, नागपूरचा उन्हाळा आहे. पाणी वाया जातंय."

"बरं बाई. तुझ्या राज्यात थेंबालाही परवानगी लागते!"

शंकरने वीस मिनिटांत गळती बंद केली. मी वहीतल्या त्या कामावर काट मारली. तासाभरात पाणी आटलं आणि भिंत नुसती भिंत उरली. नलूताई कॅमेरा पिशवीत घालून, कठडा चाचपत खाली गेल्या.

गळती थांबवणं चूक नव्हतं. चार दिवस न थांबणं चूक होतं. कामं वेळेवर उरकताना मी आणखी कुणाकुणाचं काय आटवलं असेल, याची नोंद माझ्या कुठल्याच वहीत नाही.

आज मी परातीत पाणी भरून त्याच जागी नेऊन ठेवलं. साचलेलं पाणी आपणहून हलत नाही. बोट बुडवून हलवलं, तेव्हा भिंतीवर जाळी उमटली. थोडा वेळ तेच करत उन्हात बसले. नलूताईंचं दार वाजवायचं मात्र अजून राहिलं आहे.