बायनाबाईचा भाऊ रेडिओ सांगायचा

निजामाच्या राज्यात, जर्मनची दुसरी लढाई पेटली त्या सुमारास, पाटोद्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कोळपिंपरीत एकच रेडिओ होता. विठ्ठलराव देशमुखांच्या ओसरीवर, भरतकाम केलेल्या रुमालाखाली तो झाकलेला असायचा. त्याची बॅटरी भरायला मोटारीनं बीडला जायची, आणि ती परत येईपर्यंत गावाला संध्याकाळी काय करावं ते सुचायचं नाही.

रेडिओ विठ्ठलरावांचा खरा, पण त्याचं तोंड म्हणजे रामकिसन. हैदराबादेहून बोलणारी माणसं बहुतेक उर्दूत बोलत, आणि ती उर्दू आठवडी बाजारातली नव्हे. बांगड्यांच्या सौद्यापुरती भाषा येणाऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. रामकिसन बीडला सरकारी शाळेत उर्दूतून शिकलेला, देशमुखांकडे लिहिण्या-वाचण्याच्या कामाला होता. दिवेलागणीला तो रेडिओशेजारी मांडी घालून बसायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि भाषण संपलं की अंगणाकडे तोंड करून सगळं मराठीत सांगायचा. जर्मन कुठवर आला हे सांगताना तो धारूरचा किल्ला मध्ये आणायचा, म्हणजे लोकांना लढाई डोळ्यांसमोर दिसायची. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांच्या भावाचं बोलणं निघालं की व्यापारी पुढं सरकायचे. हकीमसाहेबांचं भाषण झालं की बायका कान टवकारायच्या. नाटक असलं तर तो सासऱ्याचा आवाज वेगळा काढायचा आणि जावयाचा वेगळा.

"रामकिसन, ती बाई रडायली का गायली बे?" धोंडीराम न्हावी हमखास विचारायचा.

"दोनी. गजल हाय."

अंगण हसायचं. सगळ्यात मोठ्यानं हसायची ती फाटकाआड बसलेली बायनाबाई, रामकिसनची थोरली बहीण.

आई गेली तेव्हा रामकिसन रांगत होता. बायनाबाईनं त्याला कडेवर वाढवला. पुढं तिचं लग्न झालं, नवरा पटकीत गेला, आणि ती सुंदर नावाच्या तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी परतली. भावाच्या घरात राहायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. गावाच्या टोकाला दोन खणांचं घर करून ती मोलमजुरीवर जगायची. आयुष्यात मिरवावं असं तिच्याकडं एकच होतं, भाऊ रेडिओ सांगतो. ओसरीवर संध्याकाळी जे ऐकायची ते ती सकाळी बारवेवर, गावाच्या पायऱ्यांच्या विहिरीवर, जाऊन सांगायची. बाळंतिणीच्या खोलीत धूर करू नये, दूध उकळूनच प्यावं, माश्या बसलेलं खाऊ नये. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "माज्या मनानं सांगत न्हाई बाई. रामानं सांगितलंय." यापुढं कुणी वाद घालत नसे.

सुंदरचं लग्न लहानपणीच धारूरकडच्या एका घरात झालं होतं. आता ती पंधरा-सोळाची झाली होती आणि आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, तिला नांदायला धाडायचं ठरलं होतं. बायनाबाईनं लुगडं घेऊन ठेवलं, शेवया केल्या. आणि आखिती चार दिवसांवर असताना सुंदरच्या घोट्यावर फोड आला. आग आग व्हायला लागली. फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर आलं. नारू.

गावात नारू नवा नव्हता. उन्हाळा आला की कुणा ना कुणाच्या पायातून तो निघायचाच. धोंडीराम यायचा, ते टोक काडीला गुंडाळायचा आणि रोज थोडं थोडं ओढून काडीवर घ्यायचा. मधे आग सोसेना झाली की बारवेच्या पाण्यात पाय सोडून बसायची रीत होती. पाणी गार, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बायनाबाई रोज सकाळी सुंदरला धरून खाली न्यायची आणि शेवटच्या पायरीवर बसवायची. शेजारीच बायका घागरी बुडवत. सुंदरचा जीव तेवढाच शांत व्हायचा.

एके दिवशी ओढताना तो दोरा आत तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, पू झाला, ताप चढला. ताप उतरला तरी गुडघा सरळ होईना, टाच भुईला लागेना. सासरहून निरोप आला, "पोरगी चालती झाली की धाडा." बायनाबाईला त्या निरोपातलं न बोललेलं पुरतं कळलं. शेतात राबणाऱ्या घराला लंगडी सून नको असते.

शेकायला एरंडाची पानं लागायची. एरंड रामकिसनच्या परसात होता. बायनाबाई पानं तोडायला गेली तेव्हा तिची भावजय मनकर्णा रांजण भरत होती. रांजणाच्या तोंडावर धोतराचं दुहेरी फडकं ताणून बांधलेलं, आणि त्यातून पाणी खाली झिरपत होतं.

"काय गं, पाण्याला घुंगट कावून घातला?" बायनाबाईनं थट्टा केली.

"आवो वन्सं, नारूसाठी. ह्यांनी लावलंय. फडक्याबिगर एक तांब्या रांजणात पडू द्यायचा न्हाई म्हनतेत."

"फडक्याचा आन नारूचा काय संबंध?"

"रेडिओत सांगितलं न्हाई का, गेल्या साली चैतात. नारूवाला पाण्यात पाय घालतो, त्यातनं जंतू सुटतेत. डोळ्याला दिसत न्हाईत. ते पाणी प्यालं की वर्सानं पायातनं नारू निघतो." मनकर्णानं घागर खाली ठेवली. नणंदेचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "तुमाला न्हाई सांगितलं व्हय?"

बायनाबाई एरंडाच्या बुंध्याला टेकली. गेल्या वर्षीच्या चैतातली ती संध्याकाळ तिला आठवली. कुणी डॉक्टर बोलत होता, बोलणं बराच वेळ चाललं होतं. विठ्ठलरावांनी मधेच वाकून रामकिसनला काही विचारलं होतं. आणि रामकिसननं सांगितलं ते एवढंसंच. दुपारच्या उन्हात हिंडू नये, कैरीचं पन्हं प्यावं. एवढ्या लांब भाषणातून एवढंच निघालं याचं तिला नवल वाटलं होतं. घरी येऊन तिनं सुंदरला पन्हं करून दिलं. बारवेच्या पाण्यातलं.

रामकिसन जेवायला आला तेव्हा ती तिथंच होती. त्यानं पाय धुतले, बायकोकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं.

"रामा, गेल्या साली चैतात नारूचं भाषण झालतं?"

त्यानं टॉवेल दोरीवर टाकला. "झालतं."

"मग आमाला कावून न्हाई सांगितलं?"

"आक्का, भाषणात सरळच सांगितलं की पायऱ्यांच्या बारवा बंद करा, वरनं रहाटानं पाणी काढा. बारव मालकाच्या आज्यानं बांधलेली. कोनाड्यात त्याचं नाव कोरलंय. आज्याचं पुण्य गावाला नारू देतंय, असं त्यांच्याच ओसरीवर बसून सांगू? मालक म्हनले, एवढं सोडून दे."

"आन तू सोडलंस."

"न्हाईतर दुसऱ्या दिवशी रेडिओ आत गेला असता. मग तुमाला काय कळलं असतं?"

"लढाईचं कळलं नसतं," बायनाबाई म्हणाली. "लढाई काय माज्या दारात आलीय? नारू आलाय."

रामकिसन पाटावर बसला. मनकर्णानं ताट वाढलं होतं, त्यावर माशी घोंगावत होती.

"ओसरीवर न्हाई तर न्हाई. माज्या दारात येऊन हळूच सांगायला कोन मालक आडवा आलता? हितं फडकं बांधलंस. माजी पोर तुजी कुनी नव्हती?"

"तुला सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस का?" तो एकदम चिडून म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सगळ्या पाणवठ्याला म्हाईत झालं असतं. रामानं सांगितलं, रामानं सांगितलं. तुजं तोंड मला म्हाईत हाय, आक्का."

बायनाबाईला आता कळलं. त्यानं हे मुद्दाम ठरवलं होतं. विसरला नव्हता, राहून गेलं नव्हतं. बहिणीला आपला अभिमान आहे, ती सगळ्यांना सांगेल, म्हणून तिलाच सांगायचं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं असतं."

एरंडाची पानं ओटीत घेऊन ती घरी गेली.

दुसऱ्या सकाळी ती बारवेवर गेली, ती एकटीच. सुंदरला तिनं आणलं नव्हतं. पहिल्या पायरीवर उभं राहून तिनं सगळं सांगितलं. जंतू, वर्षभराची मुदत, फडकं. माझ्या पोरीला मी रोज इथं बसवलं, तुमच्या घागरी शेजारी होत्या, हेही सांगितलं.

बायकांनी घागरी खाली ठेवून ऐकलं. मग त्यांच्यातली छबुबाई म्हणाली, "बायना, पोरीच्या दुखण्यानं तुजं डोकं फिरलंय. रेडिओत असं आलं असतं तर रामकिसननं सांगितलं नसतं?"

"त्यानं लपवलं."

"तो कावून लपवील? तूच म्हनायची न्हाई का, तो शब्द इकडचा तिकडं करत न्हाई म्हून."

एकेक बाई बायनाबाईला वळसा घालून खाली उतरली, घागरी बुडाल्या. दोन दिवसांनी विठ्ठलरावांचा गडी दारात येऊन सांगून गेला, बारवेची निंदा करणाऱ्यानं बारवेवर यायचं कारण नाही. तेव्हापासून ती ओढ्यापलीकडच्या आडावरून पोहऱ्यानं पाणी शेंदून आणायची. वाटेत ओसरीवरून रामकिसनचा आवाज ऐकू यायचा, अंगण हसायचं. ती पावलं भरभर उचलायची. ज्या आवाजाच्या भरवशावर तिनं घर चालवलं, त्यानं आजवर काय खरं सांगितलं आणि काय सोडून दिलं, हे आता कुणाला विचारणार?

पोरीचा पाय तिनं सोडला नाही. रोज तेल, शेक, आणि रडत असली तरी उभं करणं. पावसाळाभर सुंदर भिंतीला धरून चालली. दसऱ्याच्या सुमाराला टाच भुईला लागली, पण गुडघ्यात थोडी वाकण राहिली ती राहिलीच. बायनाबाईनं सासरी निरोप धाडला, जशी आहे तशी सांगितली, काही झाकलं नाही. चार दिवस उत्तर आलं नाही. त्या चार दिवसांत तिला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी जावई स्वतः गाडी घेऊन आला. पोरगा कमी बोलणारा होता. सुंदरला दारातून चुलीपर्यंत चालताना त्यानं पाहिलं आणि बैल सोडायला गेला. सकाळी निघू म्हणाला.

सकाळी आळी जमली. नांदायला जाणाऱ्या मुलीला मामानं उचलून गाडीत बसवायचं, अशी त्यांच्यात रीत. रामकिसन धुतलेला सदरा घालून आला होता. मनकर्णा मागं उभी होती, तिचे डोळे खाली होते. सुंदरला आईनं काहीच सांगितलं नव्हतं. लेक सासरी जाताना मामाबद्दलचं विष बरोबर कशाला द्यायचं, असं तिला वाटलं असावं. सुंदरनं मामाकडं हात पसरले.

बायनाबाई मधे आली. तिनं एक हात पोरीच्या पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, वाकडा गुडघा जपून, आणि उचललं.

"आक्का, जड हाय. दे हिकडं," रामकिसन हळू आवाजात म्हणाला.

बायनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती गाडीकडं चालू लागली. छबुबाईनं काही विचारायला तोंड उघडलं आणि मग मनकर्णाचे खाली गेलेले डोळे पाहून तिला बायनाचं बारवेवरचं बोलणं आठवलं. जावयानं गाडीतला कडबा नीट केला. बायनाबाईनं पोरीला त्यावर ठेवलं, लुगड्याचा काठ चाकात येणार नाही असा आत खोचला आणि बैल हाकायला सांगितलं.

गाडी हलली. रामकिसन तिथंच उभा होता, पुढं केलेले हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.